दहा हजारांतलं एक जोडपं

सेमारांग, ५ मार्च २०१८

बुलिक,

तुमचा हात माझ्या कपाळाला. फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता आणि मध्येच सोयाबीनचे तेंपे पानांत बांधायला उठून जाता, म्हणून लिहिते. काम आहे.

आमच्या शाळेतल्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगच्या सराव-प्रश्नांचं पुस्तक तयार होतंय. त्यातला एक प्रश्न माझ्या आणि गालिहच्या वाट्याला आलाय. गालिह कोण ते आईनं आपल्या भावजयीला, म्हणजे तुम्हाला, सांगितलं असेलच. तिनं सांगितलं त्यातलं निम्मं खरं धरा.

प्रश्न असा लिहिलाय: "वर्गात तेवीस मुलं आहेत. एकाच तारखेला वाढदिवस असलेली जोडी निघण्याची शक्यता किती? कॉम्प्युटरकडून चिठ्ठ्या काढल्यासारख्या तारखा काढून असे दहा हजार वर्ग बनवा. किती वर्गांत जोडी निघाली ते मोजा." उत्तर मागच्या पानावर आहे, आधी बघू नका.

गालिह म्हणतो, प्रश्न अगदी स्पष्ट आहे. मी म्हटलं, तुला स्पष्ट आहे कारण तुला उत्तर येतं. आम्हाला असा वाचणारा हवाय जो मन लावून वाचतो, पण ज्याला हे कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही सहावीनंतर जे वाचलंत ते स्वतःच्या जिवावर वाचलंत. कुठे अडलं ते तुम्ही न लाजता सांगाल. मुलांना हे कागदावरच मिळणार आहे, तेव्हा तुम्हीही कागदावरच वाचा.

आई गालिहला अजून नाहीच म्हणतेय. कारण विचारू नका, पत्र त्यातच संपेल.

तुमची
निंग्रुम


देलांगु, १४ मार्च, बुधवार पोन

न्दुक,

वाचलं. अडलं.

तेवीस मुलं आणि वर्षाचे एवढे दिवस. मी मनात धरलं, माझ्या तारखेचं कुणी निघेल का? विसात एकदा निघालं तर निघालं. मग मागचं पान उलटलं. निम्म्याहून जास्त वेळा! मला वाटलं तुमच्या शाळेत छपाईची चूक झाली.

दुसऱ्या दिवशी सोयाबीन निवडताना लेबारानची, ईदची, सकाळ आठवली. नमाज झाल्यावर अंगणात सगळे सगळ्यांचा हात हातात घेऊन माफी मागतात ना, तशी तेवीस माणसं उभी केली. मी एकटी बावीस हात धरते. पण सगळ्यांचे मिळून? मी म्हटलं पन्नास होतील. पाटीवर मांडत गेले तर अडीचशेच्या वर गेले. तेव्हा उजेड पडला. प्रत्येक हात धरताना एकदा विचारायचं, तुझी तारीख कोणती? एवढ्यांदा विचारल्यावर एखादी जोडी निघेल नाही तर काय!

पण हे तुझ्या प्रश्नात कुठेच नाही. पोर "जोडी" वाचेल आणि मनात स्वतःलाच धरेल. माणूस आधी स्वतःलाच धरतो.

दुसरं, दहा हजार वर्ग कशाला? एका वर्गात जाऊन विचारलं तर नाही का भागत?

तिसरं, आमच्याकडे तारखेवर भरवसा ठेवू नकोस. मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्यांची एक जुलै लिहिली. माझ्या कागदावर एक जुलै, तुझ्या पाकलिकच्या कागदावरही तीच, सालसुद्धा तेच. कागदावर आम्ही नवरा-बायको जुळी भावंडं. तो ट्रकवरच्या पोरांना सांगायचा, "बहिणीशी लग्न केलंय मी, सरकारला चालतंय."

तारखेऐवजी वेतोन विचार की. सात वार आणि पाच बाजारवार, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. वाराला बाजारवार जोडला की वेतोन, अशी पस्तीस नावं. जन्माचा वेतोन इथे आंधळ्या म्हातारीलाही पाठ असतो.

वार्सिनी बुलिक


सेमारांग, २६ मार्च

बुलिक,

हात धरण्याचं उदाहरण जसंच्या तसं घेतलं. गालिहनं ते तीनदा वाचलं आणि म्हणाला, "हे आपल्याला का सुचलं नाही?" मी म्हटलं, "तू लेबारानला मोबाईलमध्ये तोंड घालून बसतोस म्हणून."

दहा हजारांचं असं आहे. एक वर्ग फक्त हो किंवा नाही म्हणतो. जोडी निघाली, नाही निघाली, संपलं. किती वेळा निघते ते एका वर्गाला ठाऊकच नसतं. एकावरून नियम काढायचा म्हटलं तर समोर आला तोच नियम होऊन बसतो.

वेतोनची कल्पना तर गालिहनं डोक्यावर घेतली. पस्तीसच नावं असली की आठ माणसं पुरतात. आठांतच जोडी निघण्याचा संभव निम्म्यापुढे जातो. तुमच्या गुरुवारच्या पठणाला किती बायका येतात? करून बघाल?

आणि एक दुसरा भाग घालावा म्हणतोय. "पुरुष आणि बायका यांच्या नुसत्या चिठ्ठ्या काढून जोड्या लावल्या, तर त्यात वागे आणि पाहिंग अशी जोडी किती वेळा निघेल?" उत्तर येतं शंभरात आठ. वाचून सांगा.

निंग्रुम


देलांगु, १० एप्रिल, मंगळवार क्लिवोन

न्दुक,

गुरुवारी पठण झाल्यावर चहा येईपर्यंत विचारलं. आठच जणी होतो. पार्तिनाहला म्हटलं, "तुझा वेतोन कोणता गं?"

"कशाला? स्थळ आणलंयस?"

"तुला आता कोण करून घेणार? गणितासाठी हवाय."

"गणितासाठी! मग शनिवार पोन लिही. वय लिहू नकोस."

तोवर कोपऱ्यातून सुगियेम ओरडली, "मीपण शनिवार पोन!" दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. वीस वर्षं शेजारी राहतात आणि अकरा वर्षं बोलत नाहीत. पार्तिनाह म्हणाली, "शक्यच नाही. हिचा वेतोन चुकलाय." गणित बरोबर आलं, भांडण वाढलं.

आता तुझ्या प्रोग्रॅमची चूक. तू तारखेवरून वेतोन काढणार. पण कॉम्प्युटरचा दिवस मध्यरात्री बदलतो, आपला मगरिबच्या अजानला. संध्याकाळनंतर जन्मलेलं मूल पुढच्या दिवसाचं. तुझ्या प्रोग्रॅमनं निम्म्या गावाला चुकीच्या दिवशी जन्माला घातलंय. सूर्य बुडाल्यानंतर का, एवढं विचारून घे.

आणि दुसऱ्या भागाचं. बाजारवारांच्या एवढ्या जोड्या होतात, त्यांतून तुला नेमकी वागे-पाहिंगच कशी सापडली? लग्नाला वर्ज्य म्हणतात ती एकच? तू वागे आहेस ते मला माहीत आहे, तुझ्या पाळण्याला मीच फुलं बांधली होती. गालिह पाहिंग आहे ना? आई त्यासाठीच नाही म्हणतेय ना?

अगं, मीही वागे आणि तुझा पाकलिक पाहिंग. सासूबाईंनी महिनाभर माझ्याकडे बघितलं नव्हतं. पण झालं लग्न. सरळ सांगायचंस, गणिताच्या आड कशाला लपतेस?

वार्सिनी बुलिक


सेमारांग, २२ एप्रिल

बुलिक,

ओळखलंत. गालिह पाहिंग आहे. आई म्हणते बाकी मुलगा सोन्यासारखा, पण वागे-पाहिंग घरात नको. मी तिला समजावून थकले. वाटलं, गणित छापून आलं तर ती निदान वाचेल. शंभरातल्या आठ जोड्या अशाच असणार, म्हणजे जगात अशा लाखो असतील आणि मजेत असतील.

ती फक्त जुन्या समजुतीचं बोलते, बाकी काही नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मगरिबची चूक दुरुस्त केली. मी जावा बेटावर जन्मले आणि हे विसरले! गालिह अजून चिडवतोय. दुसऱ्या भागाचा सुधारलेला कागद सोबत आहे.

निंग्रुम


देलांगु, २७ मे, रविवार पाहिंग

निंग्रुम,

उत्तराला उशीर झाला. रोजे सुरू आहेत, पण ते कारण नाही.

रोज्यांआधी थडग्यांवरचं गवत काढायला सगळे जमतात, तशी तुझी आई बोयोलालीहून आली होती. आम्ही दोघी तुझ्या पाकलिकच्या थडग्याशी बसून गवत उपटत होतो. ती म्हणाली, "दिक, पोरीला तू तरी सांग. माझं ऐकत नाही."

मी म्हटलं, "काय सांगू, म्बाक्यू? मी स्वतः वागे. माझ्याकडे बघून ती उलट हट्टालाच पेटेल."

"तुझ्याकडेच बघ म्हणते मी तिला," तुझी आई म्हणाली. "रोज सांगते. वागे वर बसलीय, पाहिंग खाली झोपलाय. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी हातातलं गवत टाकलं आणि घरी आले. तिनं हाका मारल्या.

"बाकी काही नाही" असं तू लिहिलंस. बाकी सगळं हेच होतं. तुझ्या घरात रोज आमच्या संसाराचा दाखला दिला जातो, आणि तू तो खोडायला मलाच कामाला लावलंस, मला न सांगता.

तुझं गणित मला कळलंय. एका वर्गावरून नियम निघत नाही. तुझ्या दहा हजारांत मी आणि हार्तोयो एक जोडपं. एक वर्ग. खरं आहे. पण मला ते एकच होतं.

आम्हाला मूल झालं नाही तेव्हा लोक म्हणाले वागे-पाहिंग. ट्रक उलटला तेव्हा म्हणाले. तो गेला तेव्हा तर त्यांना विचारच करावा लागला नाही. तुझा पाकलिक तीस वर्षं लवंगी सिगारेटी ओढत होता, डॉक्टरनं फोटोत फुफ्फुसं दाखवली होती. पण सिगारेटीला कुणी नाव ठेवत नाही, कारण सगळ्यांचे नवरे ओढतात.

कागद वाचलाय. एक चूक आहे. तुझ्या शंभरात आठ जोड्या निघतात कारण तू चिठ्ठ्या काढतेस. गावात चिठ्ठ्या काढून लग्नं होत नाहीत. वागे-पाहिंग आधीच टाळतात, म्हणून इथे शोधलंस तर एखाददुसरीच सापडेल. आणि एखाददुसरी असली म्हणजे तिच्यावर सगळ्यांची नजर राहते. मुलांना हे सांग, नाहीतर ती गावात मोजायला जातील आणि प्रोग्रॅमलाच खोटा म्हणतील.

वार्सिनी


सेमारांग, ३ जून

बुलिक,

पत्र वाचून दोन दिवस मी वर्गात काय शिकवलं मला आठवत नाही. तुम्हाला लागेल म्हणून लपवलं, आणि लपवल्यामुळेच जास्त लागलं. माफ करा. लेबारानची वाट न बघता आत्ताच मागते.

तुम्ही सांगितलेली चूक सुधारली. "चिठ्ठ्यांचं गाव आणि खरं गाव यांत फरक का पडेल?" असा तिसरा भागच केला. गालिह म्हणतो, पुस्तकातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होईल.

आता एक विचारू? रागावलात तरी चालेल. प्रोग्रॅम तपासायला मी घरातल्या सगळ्यांचे जन्म घालून बघत होते. आजीनं, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, सांगितलेलं आठवलं की तुमचा जन्म दिवेलागणीचा. बुलिक, दिवेलागण म्हणजे अजानच्या आधी की नंतर? नंतर असेल तर तुम्ही वागे नाहीच, क्लिवोन! मग तुमची जोडी वर्ज्य नव्हती, आणि आईचा पुरावाच उरत नाही. तुमची आई नाही, सुईण नाही, सांगणारं कुणीच नाही. तुम्ही म्हणाल तेच खरं.

फक्त एवढंच म्हणा, नंतर. बेसार, लग्नांचा महिना, तोंडावर आलाय. आईनं आता नाही म्हटलं तर गालिहच्या घरचे थांबणार नाहीत. त्यांनी तसं कळवलंय.

निंग्रुम


देलांगु, २४ जून, रविवार क्लिवोन

न्दुक,

लेबारानच्या दुसऱ्या दिवशी बोयोलालीला गेले होते. तू गालिहच्या आईला भेटायला गेली होतीस ते बरंच झालं.

जाताना बसमध्ये ठरवत होते. आधी की नंतर? मला खरंच माहीत नाही. आई एवढंच म्हणायची, "दिवा लावायला उठले आणि तू आलीस." तुझ्यासाठी "नंतर" म्हणायला माझं काही जात नव्हतं, असं मला वाटलं होतं.

तुझ्या आईपुढे गुडघ्यांवर बसले, हात हातात घेतला, "म्बाक्यू, चुकलं-माकलं माफ करा." रीतीप्रमाणे तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून सोडायचं. तिनं हात सोडलाच नाही. मग मीच म्हटलं, "पोरीला वाटतंय मी क्लिवोन आहे. जन्म दिवेलागणीचा, कुणाला नक्की ठाऊक नाही."

तुझी आई एकदम पुढे झुकली. "मग म्हण ना तसं! म्हण, क्लिवोन आहेस. मी सुटेन गं."

"तुम्ही कशातून सुटाल?"

तिनं माझा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "आईला मनवलं कुणी? ती महिनाभर हटून बसली होती. मी तिला म्हटलं, बाजारवार भाजी घेण्यासाठी असतो, आई, नवरी घेण्यासाठी नाही. हसली आणि हो म्हणाली. माझा एकच भाऊ, दिक. मी तोंड मिटून बसले असते तर?"

न्दुक, मी इतकी वर्षं समजत होते की ही बाई मला दोष देते. थडग्याशी ती माझ्याकडे बघून बोलत होती, पण सांगत होती स्वतःला. मला ते वाचता आलं नाही, आणि मी म्हणे वाचणारी!

त्या वेळी "नंतर" म्हटलं असतं तर तू सुटली असतीस, तीही सुटली असती. माझ्या तोंडून निघेना. मी क्लिवोन झाले तर नियम तसाच उभा राहतो, फक्त आम्ही त्यातून वाचतो. उद्या दुसऱ्या कुठल्या वागेला पाहिंग आवडला की तिला अडवायला नियम तिथेच असेल. आणि हार्तोयो गेला, तो क्लिवोनचा नवरा म्हणूनही गेलाच असता.

म्हटलं, "म्बाक्यू, मी वागेच. लग्नाच्या दिवशी वागे होते, आजही आहे. तुम्ही सासूबाईंना मनवलं नसतंत तर तो दुसऱ्या कुणाशी लग्न करून त्याच सिगारेटी ओढत बसला असता. मला मात्र तो मिळाला नसता. तुमच्यामुळे तो मेला नाही. तुमच्यामुळे तो माझ्याकडे आला."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि खाली बघतच विचारलं, "बरी होतीस का गं त्याच्यापाशी?"

तो गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, आता कसं चाललंय.

मी म्हटलं, "घोरायचा. भात नेहमी करपलेलाच मागायचा. कुठल्या कुठल्या गावांतून जुनी मासिकं गोळा करून आणायचा, भिजलेली, पानं नसलेली. ट्रकमधून उतरला की आंघोळीआधी विचारायचा, आज काय वाचलंस? मी सांगायचे, तो ऐकायचा. त्याला स्वतःला वाचायचा कंटाळा. बरी म्हणजे काय, म्बाक्यू? मला दुसरं काही नकोच होतं."

ती उठली आणि ओपोरच्या रश्श्याचं पातेलं चुलीवर ठेवलं. जेवताना तुझं नाव निघालं नाही, गालिहचंही नाही. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तुला हवं तसं मी बोलले नाही, हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिलं. आता राग आला तर तो तुझा हक्क आहे.

वार्सिनी बुलिक


सेमारांग, ९ जुलै

बुलिक,

राग आला होता. परवा रात्रीपर्यंत होता.

परवा आई न कळवता सेमारांगला आली. सरळ गालिहला बोलावून घेतलं आणि विचारलं, "सिगारेट ओढतोस?" तो बिचारा भेदरला, म्हणाला, "नाही, इबू." आई म्हणाली, "ओढायला लागलास तर मी मुलगी परत नेईन. वागे-पाहिंगचं मग बघू." एवढाच होकार. पाठोपाठ तिनं पिशवीतून पंचांग काढलं आणि बेसार महिन्यातला मुहूर्तही सांगितला. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "जोडी तू निवडलीस, दिवस मी निवडणार. यात बोलायचं नाही." गालिहनं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी बोलले नाही.

सराव-प्रश्न काल छपाईला गेला, तिन्ही भागांसह. कुणी तयार केला तिथे तीन नावं आहेत. तिसरं तुमचं. खोडू नका, आता खोडता येणार नाही.

आईनं तुमच्यासाठी चिठ्ठी दिलीय. वाचायची नाही असं मला बजावलंय. मी वाचली नाही, शपथ.

निंग्रुम


दिक वार्सी,

मला लिहायची सवय नाही, समजून घे.

लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीला फुलांच्या पाण्यानं न्हाऊ घालायचंय. पाणी घालायला सात जणी लागतात, ज्यांचा संसार चांगला झाला अशा. सहा मी ठरवल्या. सातवी तू.

विधवेनं पाणी घालू नये म्हणतात, मला माहीत आहे. गल्लीतल्या बायका बोलतील, त्यांना मी बघून घेते. संसार चांगला झाला का ते मी त्यांना विचारलं नव्हतं, तुला विचारलं होतं. तू सांगितलंस त्या शब्दावर मी मुलगी देतेय. तेव्हा पाणीही तूच घालायचं.

काळी कबाया घालून येऊ नकोस.

सुनार्ती